यांगूनच्या गल्लीतील माशाची न्याहारी

माणसाचे गाव त्याच्या न्याहारीवरून ओळखावे, असे माझे मत आहे. दुपारचे जेवण आता सगळीकडे सारखे होत चालले आहे. लग्नातल्या पंगतीत तर बेळगाव कोणते आणि बडोदा कोणते ते कळेनासे झाले आहे. पण सकाळी पहिल्यांदा पोटात काय जाते, ते मात्र माणूस सहसा बदलत नाही. आमच्या माहेरी खानापूरकडे तांदळाची भाकरी आणि रात्रीची आमटी. सासरी धारवाडकडे अवलक्की नाहीतर सुसला. बेळगावात आमच्या घरी या दोन्हींचा तह झाला आहे तो उप्पिटावर. मराठीतले उप्पीट आणि कन्नडमधले उप्पिट्टू यांत भांडायला जागाच नाही.

अशा घरातल्या बाईने सकाळी साडेसहाला माशाचे गरम सार पुढ्यात घेऊन बसावे, हे ऐकून आमच्या शेजारणींनी कपाळाला हात लावला होता. मासे आम्हाला नवीन नाहीत. कारवार-गोव्याची मासळी घाट चढून बेळगावच्या बाजारात येते, आणि गोव्यात तर कालची कोडी, म्हणजे आदल्या दिवशीची आटवलेली माशाची आमटी, सकाळी आवडीने खाणारी घरे आहेत. पण तो घरचा मामला झाला. बाहेर, रस्त्यावरच्या छोट्या बाकड्यावर बसून, अख्खे शहर माशाच्या सारानेच दिवस सुरू करते, हे मी पाहिले ते ब्रह्मदेशात, यांगूनमध्ये. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते रंगून. साल होते २०१९, महिना जानेवारी.

ब्रह्मदेशच का, हे सांगायला हवे. तिथे आम्ही पॅगोडे पाहायला गेलो नव्हतो, तेही पाहिले ही गोष्ट वेगळी. माझ्या आईच्या आईचा धाकटा भाऊ मराठा पलटणीत होता. बेळगावकरांना मराठा लाइट इन्फंट्रीबद्दल सांगण्याची गरज नाही. रेजिमेंटचे केंद्र गेली शंभर वर्षे आपल्या गावातच आहे आणि आसपासच्या खेड्यांत एखादा फौजी नसलेली आळी सापडणे कठीण. १९४४ साली आजीच्या घरी एक सरकारी कागद आला. त्यात नंबर होता, पलटण होती आणि तो बेपत्ता असल्याचे लिहिले होते. पुढे दुसरा कागद आला, त्यात तो मेला असे धरल्याचे होते. आमच्या घरात मात्र ‘मेला’ हा शब्द त्याच्यासाठी कोणी वापरला नाही. ‘बर्मात गेला’ असेच म्हणत.

आजी शिकलेली नव्हती. युद्ध कोणाचे, कशासाठी, जपानी तिथे का आले, यातले काही तिने कधी विचारले नाही. तिचा प्रश्न एकच असे आणि तो ती सणावाराला पानावर बसताना हमखास विचारी : “त्यो तिकडं काय खाईत असंल गं?” आम्ही मुले हसत असू. आजी वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी ते हसणे आठवून अंगावर काटा आला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर पाहावे, निदान त्याचे नाव कुठे कोरलेले असेल तर त्यावर हात फिरवून यावे, म्हणून आम्ही दोघे निघालो. बेळगावहून बंगळूर, तिथून कोलकाता. आणि कोलकात्याहून यांगून विमानाने दोन तासांच्या आत येते. इतके जवळ आणि इतके परके गाव दुसरे नसेल.

पहिल्या सकाळी पहाटेच जाग आली. सुळे पॅगोड्याच्या आसपासचे जुने शहर इंग्रजांनी १८५२ नंतर आखले आहे. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात मिळणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि बहुतेक गल्ल्यांना नावाऐवजी नंबर. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली जुन्या इमारती, गॅलऱ्यांतून वाळत घातलेल्या लुंग्या आणि वरच्या मजल्यांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या. दोरीला चिमटा असतो; पेपरवाला त्याला पेपर अडकवतो आणि वरून तो ओढून घेतात. हे पाहत चाललो होतो, तेवढ्यात यजमान दुकानाच्या पाटीसमोर थांबले. “हे मला वाचता यायला पाहिजे,” ते म्हणाले. गंमत नव्हे, बर्मी अक्षरे लांबून पाहिली तर कन्नडच वाटतात. तीच गोलाई, तेच वेटोळे. या लिपीचे मूळ दक्षिण भारतातल्या जुन्या लिप्यांत आहे. ते पल्लवांकडचे की आपल्या बनवासीच्या कदंबांकडचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कन्नड लिपीही कदंबांच्या काळातल्या लिपीतूनच घडली. म्हणजे दूरचे का होईना, नाते निघण्याची शक्यता आहे. यजमानांनी मात्र पाच मिनिटे प्रयत्न करून नाद सोडला.

पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक खाणावळ होती. खाणावळ कसली, इमारतीच्या खालची एक खोली आणि तिच्यातून फुटपाथवर सांडलेली सहा-सात बुटकी टेबले. बसायला प्लॅस्टिकची स्टुले, आपल्याकडे न्हाणीघरात असतात तेवढीच उंच. कोळशाच्या शेगडीवर मोठे पातेले मंद रटरटत होते. मागे बसलेल्या बाईंनी गालांवर थनाखा लावला होता. थनाखा म्हणजे एका झाडाची साल सहाणेवर पाण्यात उगाळून केलेला पिवळसर लेप. आपण चंदन उगाळतो तसाच. शाळेच्या गणवेशातली मुले, टॅक्सीवाले, भगव्या-तांबड्या वस्त्रातला एक भिक्खू, हिरव्या भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या दोन म्हाताऱ्या असे सगळे एकाच पदार्थाचे वाडगे पुढे घेऊन बसले होते. तो पदार्थ म्हणजे मोहिंगा. नावात हिंग ऐकू येतो; वाडग्यात तो औषधालाही नसतो.

मोहिंगा हे साऱ्या ब्रह्मदेशाचे खाणे. रीत अशी : मागूर जातीचा गोड्या पाण्यातला मासा हळद आणि गवती चहाची पाती घालून उकडायचा. काटे काढून मांस कुस्करायचे आणि कांदा, लसूण, आले, मिरची यांच्या वाटणाबरोबर तेलात चांगले परतायचे. मग ते माशाच्याच पाण्यात सोडायचे. दाटपणासाठी भाजलेल्या तांदळाचे आणि हरभऱ्याचे पीठ लावायचे, म्हणजे आपण कढीला डाळीचे पीठ लावतो तसे. त्यात अख्खे छोटे कांदे आणि केळीच्या गाभ्याच्या चकत्या. हा गाभा, म्हणजे कन्नडमधला बाळे दिंडू, आपल्याकडे कोशिंबिरीत आणि पल्यात असतो. तिथे तो माशाच्या सारात शिजून मऊ होतो, पण दाताखाली थोडा कुरकुरतो. खारटपणा मिठापेक्षा माशाच्या आंबवलेल्या पाण्याचा अधिक. त्याचा वास पहिल्यांदा नाकात चढतो, हे खरे. दोन घास गेल्यावर तो जाणवत नाही.

वाडग्यात आधी तांदळाच्या बारीक शेवया पडतात. कोकणातले शिरवाळे किंवा आपल्याकडची शाविगे डोळ्यांसमोर आणा. फक्त त्यांच्या तांदळाला थोडे आंबवलेले असते. त्यावर पळीभर सार. मग बाईंनी कात्री उचलली. होय, कात्रीच. उकडलेले अंडे, दुधीची भजी, हरभऱ्याच्या डाळीची चपटी कुरकुरीत वडी आणि कोथिंबीर हे सगळे कात्रीने कापून वाडग्यावर टाकले. टेबलावर लिंबाच्या फोडी आणि भाजून भरडलेली लाल मिरची होती, ती आपल्या बेताने घ्यायची. किटलीतला बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा चहा प्रत्येक टेबलावर फुकट.

मी पहिला चमचा तोंडात घातला. चव कशी होती ते सांगायचे, तर माशाची कढी आणि डाळीची आमटी यांच्या मधली. आधी लिंबाचे आंबट, मग गवती चहाचा वास आणि शेवटी जिभेवर राहते ते भाजलेल्या पिठाचे खमंगपण. भजी सारात भिजून अर्धी मऊ, अर्धी कुरकुरीत होते, तिला तोड नाही. माशाचा तुकडा कुठे दिसत नाही. मासा असतो तो सगळ्या सारात विरघळलेला. खाणे हलके, पण दुपारपर्यंत भूक लागू देत नाही. तेव्हाच्या हिशेबाने आपल्या पन्नास रुपयांच्या आत हे सगळे झाले. वाडगा अर्ध्यावर आला तशी बाईंनी न विचारता वरून आणखी एक पळी सार ओतले.

यजमान शाकाहारी. “मुंजाने मुंजाने मीना?” एवढेच बोलून ते चहा पीत बसले होते. पण त्यांचीही सोय झाली. शेजारच्या हातगाडीवर शान प्रांतातला टोहू मिळत होता. हा सोयाबीनचा नव्हे, हरभऱ्याच्या पिठाचा. पिठले आटवून थापावे, वड्या पाडाव्यात आणि तेलात तळाव्यात, अगदी तसा. यजमानांनी पहिला तुकडा खाल्ला आणि म्हणाले, “हा तर आपला झुणका.” धारवाडच्या माणसाला परमुलखात झुणका भेटला, म्हणजे त्याची यात्रा सफळ झाली.

आमचे कानडी-मराठी मिश्र बोलणे ऐकून शेजारच्या टेबलावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी मोडक्या हिंदीत चौकशी केली. त्यांचे पणजोबा आंध्रच्या किनाऱ्यावरून आले होते. घरात थोडी तेलुगू उरली होती, बाजारात हिंदी आणि बाकी सगळे बर्मी. १९४२ साली जपानी आले तेव्हा लाखो भारतीय जंगलातून, डोंगरांतून चालत आसाम-बंगालकडे निघाले. कित्येक वाटेत गेले. पुढे १९६२ नंतर लष्करी राजवटीने दुकाने, व्यापार सरकारजमा केला, तेव्हा पुन्हा मोठ्या संख्येने भारतीय परतले. त्यांचे घर दोन्ही वेळा मागे राहिले. का राहिले, असे मी विचारले. त्यांनी वाडग्याकडे बोट दाखवले आणि हसले. तेवढ्याने मला उत्तर मिळाले असे नाही. पण भाषा दोनदा बदललेल्या त्या माणसाची न्याहारी बदलली नव्हती, एवढे खरे.

त्यांनीच एक गोष्ट सांगितली, ती आपल्या वाचकांना आवडेल. बर्मी माणूस भेटला की ‘कसे आहात’ याच्याही आधी विचारतो, “थमिं सा पी बी ला?” म्हणजे, जेवलात का? थमिं म्हणजे भात. यजमान पटकन म्हणाले, “नम्म ऊटा आतेन्री!” आपल्याकडे कन्नड माणूस दारात पाऊल टाकताच ‘ऊटा आतेन्री?’ म्हणतो, मराठी माणूस ‘जेवलात का?’ म्हणतो, आणि सीमेवरून वाद घालणारे दोघेही एकमेकांना हेच विचारतात. आजीचा तो एकच प्रश्न माझ्या मनात त्या क्षणी वेगळाच उभा राहिला. ती भावाची खुशालीच विचारत होती. तिच्या बोलीत खुशाली विचारण्याची रीतच ती होती.

ब्रह्मदेशाशी आपले नाते तसे जुने आणि जरासे विचित्र. इंग्रजांनी शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला पाठवले. तो १८६२ मध्ये तिथेच वारला आणि त्याचा दर्गा आजही यांगूनमध्ये आहे. उलट, मंडालेचा राजा थिबा याला त्यांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे त्या सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत कैद! ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. सुटून आल्यावर टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली ती आपल्या बेळगावात. त्याच वर्षी डिसेंबरात थिबा रत्नागिरीत वारला.

न्याहारी आटोपून आम्ही टॅक्सीने टाउकचानला निघालो. यांगूनच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची ही दफनभूमी आहे. सहा हजारांहून अधिक थडगी, कापलेले हिरवे गवत, प्रत्येक दगडाजवळ फुलझाड. मधोमध उंच खांबांची लांबच लांब ओळ उभी आहे, ते रंगून स्मारक. ज्यांचा देह सापडला नाही, किंवा ज्यांची कबर माहीत नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे या खांबांवर कोरलेली आहेत. त्यात बहुसंख्य आपल्या उपखंडातले. शेजारी, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशा हजारावर सैनिकांसाठी वेगळे स्मारक आहे.

नावे पलटणीप्रमाणे लावलेली आहेत. गुरखा, पंजाब, राजपुताना रायफल्स असे करत आम्ही मराठ्यांच्या रकान्याशी आलो. जाधव, पाटील, सावंत, मोरे, शिंदे... रोमन अक्षरांत, इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली आपली नावे. एवढी ओळखीची आडनावे एकाखाली एक वाचताना बेळगावातल्या एखाद्या शाळेची हजेरी घेतल्यासारखे वाटत होते. फक्त ‘हजर’ म्हणणारे कोणी नव्हते. नाव यजमानांना सापडले. स्पेलिंग वेगळे होते, पण कागदावरच्या नंबराशी नोंद जुळत होती. मी हात ठेवला. दगड सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता.

नोंदीवरून पलटण आणि तारीख कळते, आणि तारखेवरून जागा. आमच्या घरचा जवान चौथ्या बटालियनमध्ये होता आणि तारीख होती मार्च १९४४ च्या शेवटच्या आठवड्यातली. ती बटालियन त्या दिवसांत मणिपूरमध्ये, उखरूलजवळच्या सांगशाक गावी पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढत होती. २२ ते २६ मार्च असे पाच दिवस त्या टेकडीने जपानी फौजेला रोखून धरले. त्या पाच दिवसांनी इंफाळ आणि कोहिमाच्या बचावाला सवड मिळाली, असे इतिहासकार मानतात. टेकडीवर पाण्याचे हाल होते. विमानांतून टाकलेले सामान बरेचसे जपान्यांच्या बाजूला पडले. २६ च्या रात्री उरलेल्यांना माघारीचा हुकूम मिळाला.

म्हणजे ज्याला आम्ही सत्तर-पंचाहत्तर वर्षे ‘बर्मात गेला’ म्हणत आलो, तो बर्मात पोचलाच नव्हता. तो आपल्याच देशाच्या मातीत पडला आणि त्याचे नाव तेवढे रंगूनला गेले. यांगूनच्या गल्लीतला तो वाफाळता वाडगा त्याने कधी पाहिला नाही. तो काय खात असेल, या आजीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की, शेवटच्या दिवसांत त्याला पोटभर अन्न आणि पाणी मिळाले नसावे. आजी जिवंत असती तर हे तिला सांगितले असते का? यजमान म्हणाले, सांगायला हवे होते. मला अजून ठरवता आलेले नाही. मी तिला बहुधा त्या सकाळच्या न्याहारीबद्दल सांगितले असते. केळीच्या गाभ्याबद्दल, शिरवाळ्यांबद्दल, न विचारता पळीभर जास्त वाढणाऱ्या बाईबद्दल. ते खोटे नव्हते, पण तिच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते.

परतण्यापूर्वी आम्ही राखाइन प्रांताच्या पद्धतीचे मोंडी हे सारही खाल्ले. हे समुद्राकाठचे. त्यात वाम माशाचे कुस्करलेले मांस असते, सार पातळ आणि मिरी-मिरचीने इतके जळजळीत की, बर्मीत त्याला ‘तोंड गरम, जीभ गरम’ अशा अर्थाचे नावच आहे. मालवण-कारवारच्या वाचकांनी वाम नक्की खाल्ला असेल. त्यांना ते मोहिंगापेक्षा अधिक आवडेल. माझे मत मात्र पहिल्या सकाळच्या वाडग्यालाच.

आज हे लिहिताना मन स्वस्थ नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि देशाच्या मोठ्या भागात यादवी पेटली. २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडाले आणि सगाइंगची दैना केली. बुटक्या टेबलांची ती खाणावळ चालू असेल का, ते तेलुगू आजोबा कुठे असतील, असे प्रश्न मनात येतात. प्रश्न असतो तोच, आजीचा : काय खात असतील?

सीमाभागातल्या अनेक घरांत अशीच एखादी पिवळी पडलेली चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशी असेल. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या इंटरनेटवरील यादीत नाव, नंबर किंवा पलटण घालून घरबसल्या शोध घेता येतो. रोमन स्पेलिंग दोन-चार तऱ्हांनी करून पाहावे लागते, इतकेच. घरातले वडीलधारे अजून आहेत तोवर त्यांना एकदा विचारून घ्या. कानडीत विचारा की मराठीत. पण विचारण्याआधी त्यांच्यापुढे काहीतरी गरम खायला ठेवा. मग माणसे बोलतात.